दोन्ही बाकांवरील एकमत

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या कुंभारी येथील वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण. वक्त्यांनी स्मरणिकेसाठी स्वहस्ते लिहून दिले.)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस भाषणाचे निमंत्रण दिले तेव्हा 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषय सुचविला होता. निवृत्त शिक्षकास दुसरा विषय देण्याची आपल्याकडे पद्धत नाही. परंतु त्या विषयावर आम्ही उभा जन्म वर्गात बोललो आहोत, आणि समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांनी ते बोलणे मागच्या बाकावर बसून ऐकले आहे. त्यांना पुन्हा तीच शिक्षा कशाला? म्हणून आम्ही विषय बदलून मागितला व चिटणिसांनी उदार मनाने तो दिला. विधिमंडळातील सत्तारूढ पक्षाचे आणि विरोधी पक्षाचे सभासद एकाच व्यासपीठावर येऊन धोरणाविषयी बोलतात, हे कसे घडते, त्यातून काय निपजते आणि आपल्या ज्ञातीने त्यातून काय घ्यावे, असा हा विषय आहे.

हा विषय आजच का, तेही सांगून टाकतो. गेल्या विधानसभा निवडणुकीपासून आपल्या ज्ञातीत दोन तट पडले आहेत. एका तटाच्या घरची लग्नपत्रिका दुसऱ्या तटाच्या घरी जात नाही. मंडळाच्या विद्यार्थी वसतिगृहाच्या दोन खोल्यांचे छत वर्षभर अडले आहे, कारण मदतीच्या अर्जावर दोघा विश्वस्तांच्या सह्या लागतात, आणि अर्ज कोणत्या पुढाऱ्याच्या हाती द्यावयाचा ह्यावर त्या दोघांचे जमत नाही. ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आपण ती ओट्यावर बसून हळू आवाजात बोलतो, आम्ही ध्वनिक्षेपकावरून बोलत आहोत, एवढाच काय तो फरक.

आता मूळ विषयाकडे येतो. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सभासद आहेत. १९५३ च्या नागपूर करारानुसार वर्षातील एक अधिवेशन नागपुरास भरते, ते बहुधा हिवाळ्यात. ह्या हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा एक संसदीय अभ्यासवर्ग चालविते. राष्ट्रकुल संसदीय मंडळ ही संस्था १९११ साली साम्राज्य संसदीय मंडळ ह्या नावाने निघाली आणि १९४८ साली तिने आजचे नाव धारण केले. राज्यातील विद्यापीठांतून राज्यशास्त्र व लोकप्रशासन हे विषय घेऊन पदव्युत्तर अभ्यास करणारे विद्यार्थी ह्या वर्गास जातात. त्यांच्यापुढे पीठासीन अधिकारी बोलतात, मंत्री बोलतात, विरोधी पक्षनेते बोलतात, जुने-जाणते सभासद आणि पत्रकार बोलतात. मुंबईच्या विधान भवनात वि. स. पागे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे. ज्यांच्या नावाने ते आहे त्या पागेसाहेबांविषयी पुढे विस्ताराने सांगणार आहोत.

आपल्या ज्ञातीतील एक मुलगी सोलापूर विद्यापीठातून ह्या वर्गास जाऊन आली. परत आल्यावर ती आम्हांस भेटावयास आली ती आपली टिपणवही घेऊनच. तिने सांगितलेली एक गोष्ट मनात राहिली. सकाळी प्रेक्षागारातून तिने सभागृह पाहिले. गोंधळ, घोषणा, कामकाज तहकूब. दुपारी त्याच सभागृहातील दोन्ही बाजूंचे सभासद वर्गात आले आणि शांतपणे, मुद्देसूद बोलले. एकाने सरकारच्या धोरणातील उणीव दाखविली, दुसऱ्याने ती उणीव मान्य करून अडचण कोठे आहे ते सांगितले. तिने आम्हांस विचारले, "गुरुजी, ह्यातला खरा माणूस कोणता? सकाळचा की दुपारचा?"

आम्ही तिला म्हटले, दोन्ही खरे. सभागृहात सभासद एकटा बोलत नाही, त्याच्या तोंडून त्याचा पक्ष बोलतो. १९८५ साली घटनेस दहावे परिशिष्ट जोडले गेले, त्यास आपण पक्षांतरबंदी कायदा म्हणतो. त्यानुसार पक्षादेशाविरुद्ध मत दिले तर सभासदत्व जाण्याचा धोका असतो. शिवाय वर पत्रकार बसलेले असतात, दूरचित्रवाणी असते आणि गावाकडे मतदार पाहत असतो. परंतु विधिमंडळाच्या समित्या निराळ्या. तेथे बैठका बंद खोलीत होतात, वार्ताहर नसतात, टाळ्या वाजविणारे कोणी नसते. दोन्ही सभागृहांचे व सर्व पक्षांचे सभासद एका मेजाभोवती बसतात, समोर खात्याचे सचिव असतात आणि चर्चेस कागद असतो. सरकारचा खर्च तपासणारी लोकलेखा समिती तर विरोधी सभासदाच्या अध्यक्षतेखाली असावी असा संकेत आहे. लोकसभेत १९६७ साली मिनू मसानी ह्यांच्यापासून तो सुरू झाला. ज्याच्या हाती खजिना त्याच्याच हाती हिशेबतपासणी असू नये, इतका साधा विचार त्यामागे आहे. आपल्या मंडळाचे हिशेबतपासनीस अध्यक्षांचे व्याही आहेत, हे ह्या निमित्ताने सहज आठवले. ते सज्जन आहेत, त्यांनी राग मानू नये.

समितीचे नाव काढल्यावर येथे बसलेल्या शिक्षकमंडळींच्या चेहऱ्यावर हसू आलेले आम्हांस दिसते. पंचायत राज समिती जिल्ह्यात येणार म्हटले की शाळेच्या भिंतींना चुना लागे, मुतारीस पाणी येई, आणि दहा वर्षे न सापडलेली नोंदवही एका रात्रीत सापडे. समितीचे सभासद मोटारीतून उतरत तेव्हा त्यांतील सत्तेचा कोण आणि विरोधाचा कोण हे आम्हांस कधी ओळखू आले नाही. लेखापरीक्षेतील परिच्छेद काढून दोघेही सारख्याच कठोरपणे विचारीत. चुना लागला तो कोणत्या पक्षाच्या भीतीने, हे मुलांनी कधी विचारले नाही. भिंत पांढरी झाली एवढे मात्र खरे.

आता पागेसाहेबांकडे वळतो. विठ्ठल सखाराम पागे हे सांगली जिल्ह्यातील विसापूरचे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापती वादात भाग घेत नाही, तो वाद चालवितो. परंतु ह्या मनुष्याने खुर्चीवर बसून एक विचार मनात घोळविला. खेड्यातील ज्या माणसाला अंगमेहनत करावयाची आहे, त्याला सरकारने काम दिलेच पाहिजे, हा तो विचार. १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यात ह्या विचाराचा पहिला प्रयोग झाला. पुढे मुख्यमंत्री वसंतराव नाईक ह्यांच्या काळात, १९७२ साली, रोजगार हमी योजना राज्यासाठी जाहीर झाली.

आणि त्याच वर्षी दुष्काळ पडला. बहात्तरचा दुष्काळ म्हटले की सोलापूर जिल्ह्यातील वृद्धांस निराळे वर्णन करावे लागत नाही. आम्ही त्या वेळी प्राथमिक शाळेत होतो. घरातील मोठी माणसे सकाळी खडी फोडावयास जात. आया-बहिणी पाटीत माती वाहत आणि तान्ही मुले झुडपाखाली धडपा बांधून निजविलेली असत. सुकडीचा वास आजही कोठे आला की ते दिवस उभे राहतात. मिलोची भाकरी ज्यांनी खाल्ली त्यांना आपल्या मालदांडी ज्वारीची किंमत कळली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. कामे मिळावीत, मजुरी वेळेवर मिळावी, म्हणून विरोधी पक्षांनी त्या काळात मोर्चे काढले, सभागृहात सरकारला धारेवर धरले. कोणी म्हणेल, दुष्काळात कसले राजकारण! आमचे मत निराळे आहे. त्या दोन वर्षांत विरोधकांनी आवाज उठविला नसता तर मजुराच्या हक्काचा विचार दुष्काळ संपताच विसरला गेला असता. त्यांनी ओरडावे आणि सत्ताधाऱ्यांनी ऐकावे, ही दोन्ही कामे त्या वेळी झाली.

काम द्यावयाचे तर पैसा हवा. १९७५ साली विधिमंडळाने व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातील पगारदार, व्यापारी, वकील, वैद्य ह्यांनी थोडे थोडे द्यावे आणि ते खेड्यातील मजुराच्या हमीसाठी खर्च व्हावे, अशी ती योजना. येथील नोकरदारांनी आपले पगारपत्रक आठवावे. अलीकडच्या काळात दरमहा २०० रुपये कापले जात आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षास २५००. शिक्षकांच्या खोलीत फेब्रुवारीतील त्या जादा शंभर रुपयांवर जितकी चर्चा आम्ही ऐकली, तितकी अर्थसंकल्पावर कधी ऐकली नाही. ते शंभर रुपये कोठे जातात हे मात्र फार थोड्यांस माहीत होते. त्यातून कोठे पाझर तलाव झाला असेल, कोठे नाल्यावर बांध पडला असेल, कोठे आपल्याच ज्ञातीतील एखाद्या विधवेच्या नावापुढे मस्टरवर हजेरी लागली असेल.

डिसेंबर १९७७ मध्ये रोजगार हमीचे विधेयक दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाले. त्या वेळी वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. कायद्याने काय दिले? खेड्यातील कोणाही प्रौढ माणसाने काम मागितले तर १५ दिवसांत ते द्यावयाचे. न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा, मग तो दिवसाला एक रुपया का असेना. पुरुष आणि स्त्रीस मजुरी समान. एक रुपया हा आकडा ऐकून हसू येईल, पण मुद्दा रुपयाचा नव्हता. सरकारने काम दिले नाही तर सरकार देणेकरी ठरते, ही गोष्ट प्रथमच कागदावर आली. काम मागण्यासाठी नमुना नंबर चार भरून द्यावा लागे. पुष्कळ गावांत तो अर्ज शाळेच्या गुरुजींनीच भरून दिला, कारण खाली अंगठा उमटविणारे हात लिहिणारे नव्हते.

ह्यापुढचा भाग अधिक लक्षपूर्वक ऐकावा. कायदा काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने आणला, आणि तो प्रत्यक्ष अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी. तोवर सरकार बदलले होते. शरद पवार ह्यांच्या नेतृत्वाखालील पुरोगामी लोकशाही दल सत्तेवर होते. त्यात जनता पक्ष होता, शेतकरी कामगार पक्ष होता, म्हणजे काल विरोधी बाकांवर बसलेली मंडळी होती. त्यांनी 'हा कायदा आधीच्यांचा' म्हणून तो फडताळात ठेवला नाही. एकाने बी पेरले आणि दुसऱ्याने पाणी दिले. पुढे विधिमंडळाने रोजगार हमी योजनेसाठी दोन्ही सभागृहांची स्वतंत्र समिती नेमली. ती गावोगाव फिरून मस्टर तपासू लागली, खोटी नावे बाहेर काढू लागली. खोटी नावे होती का? होती. पुष्कळ होती. एकमताने झालेला कायदा आपोआप प्रामाणिक होतो असे कोणी समजू नये. त्यासाठीच तर समितीत विरोधी सभासद बसवावा लागतो. २००५ साली देशाच्या संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यापूर्वी पाव शतकाहून अधिक काळ महाराष्ट्र ही वाट चालून दाखवीत होता.

त्या पुलोद मंत्रिमंडळात आपल्या जिल्ह्याचे गणपतराव देशमुख होते. सांगोल्यातून ते १९६२ साली प्रथम निवडून आले आणि २०१४ साली अकराव्या वेळी. ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले. आयुष्याचा बहुतेक काळ ते विरोधी बाकांवर बसले आणि एका पक्षातच राहिले. त्यांच्याविषयी बोलताना सत्तारूढ पक्षाची मंडळीही आवाज खाली आणीत, हे आम्ही अनेक सभांत पाहिले. विरोधक असावा कसा, हे नव्या सभासदांस शिकवावयाचे तर सांगोल्याकडे बोट दाखवावे. आमचे त्यांच्या पक्षाशी कधी नाते नव्हते. ज्ञातीशीही नव्हते. तरीही हे म्हणावेसे वाटते.

परगावच्या गोष्टी पुष्कळ झाल्या, आता ज्या कुंभारीत आपण बसलो आहोत तेथे येऊ. येथून जवळच गोदुताई परुळेकर वसाहत आहे, विडी कामगार स्त्रियांची सुमारे दहा हजार घरांची. माजी आमदार नरसय्या आडम, ज्यांना सोलापूर आडम मास्तर म्हणून ओळखते, ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे. त्यांनी ह्या घरांसाठी वर्षानुवर्षे झगडा केला. २००६ साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग ह्यांच्या हस्ते ती वसाहत कामगारांस मिळाली. पुढे असंघटित कामगारांसाठी रे नगर ही तीस हजार घरांची योजना कुंभारीतच आली. तिची पायाभरणी ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांनी केली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या त्यांनीच दिल्या. ह्या पाच वर्षांत मुंबईत देवेंद्र फडणवीस, उद्धव ठाकरे, एकनाथ शिंदे असे तीन मुख्यमंत्री झाले. घरांचे काम चालू राहिले.

पायाभरणीनंतर आडम मास्तरांनी पंतप्रधानांची प्रशंसा केली, म्हणून त्यांच्या पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. पक्षशिस्त असते, ती ज्याची त्याने पाळावी, आम्ही बाहेरच्यांनी त्यात बोलू नये. पण विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या बाईच्या घरावर पत्रा आहे की स्लॅब, हा प्रश्न ज्याला महत्त्वाचा वाटला, त्याने विरुद्ध बाकाकडे जाऊन हात पुढे केला आणि त्याची किंमतही दिली. त्या वसाहतीत जाऊन विचारावे. किल्ली मिळाली त्या दिवशी देणाऱ्याचा झेंडा कोणता होता ह्याचा विचार तेथील बाईने केला, की पावसाळ्यात उशाशी पाणी येणार नाही ह्याचा?

ह्यावर एक आक्षेप आम्हांस आपल्याच एका तरुण कार्यकर्त्याने घेतला. तो म्हणाला, "गुरुजी, सगळेच एक झाले तर लोकांनी निवडावयाचे काय? आणि आतून मिळालेल्या पुढाऱ्यांनी आपल्यालाच फसविले तर?" आक्षेप खरा आहे. दोन्ही बाजू एक होऊन आमदारांचे वेतन वाढवितात, तेव्हाही एकमतच असते. म्हणून एकमत कशावर झाले ते पाहावे लागते, आणि ते होण्यापूर्वी भांडण झाले होते की नाही हेही पाहावे लागते. रोजगार हमीच्या आधी मोर्चे होते. कुंभारीच्या घरांआधी मोर्चे होते. भांडण नको असे आम्ही म्हणतच नाही. भांडण सभागृहात हवे, सभेत हवे, वर्तमानपत्रात हवे. लग्नाच्या मांडवात नको.

आणि येथेच एका कायद्याची माहिती देणे प्राप्त आहे, कारण तो थेट आपल्यासारख्या मंडळांसाठी आहे. पूर्वीच्या मुंबई राज्याने १९४९ साली ज्ञातिबहिष्काराविरुद्ध कायदा केला होता. एका संप्रदायाच्या धर्मप्रमुखांनी त्यास आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. त्यानंतर पन्नासाहून अधिक वर्षे महाराष्ट्रात वाळीत टाकण्याविरुद्ध असा स्वतंत्र कायदा नव्हता. जातपंचायतींच्या जाचाच्या कथा मधूनमधून बाहेर येत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने २०१३ पासून हा प्रश्न नेटाने मांडला. १३ एप्रिल २०१६ रोजी सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक विधेयक विधिमंडळात एकमताने संमत झाले. मुख्यमंत्री फडणवीस होते आणि विरोधी बाकांवर काँग्रेस व राष्ट्रवादी काँग्रेस. एरवी ज्या दोन बाजू एकमेकींच्या पाण्यालाही जात नव्हत्या, त्यांनी ह्या प्रश्नावर एकत्र हात वर केले. राष्ट्रपतींची संमती मिळून २०१७ च्या जुलैपासून कायदा लागू झाला. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य.

ह्या कायद्यात जातपंचायत म्हणजे केवळ पारावर बसणारे पाच पंच नव्हेत. ज्ञातीचे व्यवहार नियंत्रित करणारे, आज्ञा काढणारे कोणतेही मंडळ, त्याची नोंदणी असो वा नसो, त्यात येते. कोणा कुटुंबास विवाहास, अंत्यविधीस, धार्मिक कार्यास येण्यापासून रोखणे, त्याच्याशी व्यवहार तोडावयास सांगणे, हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कायद्याने ज्या कारणांवरून भेदभाव करू नये म्हणून सांगितले आहे त्यांत एक शब्द आहे, तो येथे सावकाश उच्चारतो: राजकीय कल. म्हणजे अमक्याने तमक्या पक्षास मत दिले म्हणून त्याच्याशी वेगळे वागावयाचे, हा विचार कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होता. दोन्ही बाकांवरच्यांनी, ज्यांच्यासाठी आपण एकमेकांच्या पत्रिका थांबविल्या त्यांनीच, एकत्र बसून आपल्याला हे करू नका म्हणून लिहून ठेवले आहे. ते सभागृहाबाहेर उपाहारगृहात एका मेजावर चहा घेतात आणि आपण त्यांच्या नावाने सख्ख्या मावसभावाच्या दारावरून मान वळवून जातो.

आपल्या मंडळाच्या छापील घटनेत, पान नऊवर, एक जुने कलम आहे. 'ज्ञातीच्या निर्णयाविरुद्ध वागणाऱ्या कुटुंबास मंडळाच्या व ज्ञातीच्या कार्यात बोलाविले जाणार नाही.' हे कलम आमच्या वडीलधाऱ्यांनी हुंडा घेणाऱ्यांस जरब बसावी म्हणून घातले होते. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु गेल्या वर्षी दोन वेळा, दोन्ही तटांनी एकेकदा, ह्याच कलमाचा हवाला देऊन कुटुंबांस निरोप धाडले. एका घरी वडील वारले तेव्हा दहाव्यास ज्ञातीचे फक्त चार जण होते. नावे घेणार नाही. ज्यांनी निरोप धाडले ते येथे आहेत आणि ज्यांच्या घरी गेले तेही येथे आहेत. हुंड्याविरुद्ध १९६१ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यासाठी ह्या कलमाची गरज नाही.

आमची सूचना दोन भागांत आहे. पहिला भाग असा की, पान नऊवरील हे कलम आजच्या सर्वसाधारण सभेने रद्द करावे. चिटणिसांस विचारले असता सूचनेची मुदत पाळलेली आहे, असे त्यांनी सांगितले. दुसरा भाग पुढील वर्षाच्या मेळाव्याविषयी. ह्या मेळाव्यास आपण दरवर्षी ज्या पक्षाचे वारे असेल त्या पक्षाचा पाहुणा बोलावितो, त्यास फेटा बांधतो आणि तो वसतिगृहास मदतीचे आश्वासन देऊन पुढच्या कार्यक्रमास निघून जातो. पुढील वर्षी सत्तारूढ आणि विरोधी अशा दोन्ही पक्षांच्या सभासदांस एकाच दिवशी, एकाच व्यासपीठावर बोलवावे. नागपूरचा अभ्यासवर्ग चालतो तसा. भाषणास प्रत्येकी वीस मिनिटे. फेटे नकोत, हार नकोत, छायाचित्रांची गर्दी नको. प्रश्न एक महिना आधी लेखी द्यावेत. आमच्या मते तीन पुरेत: वसतिगृहाच्या खोल्या, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची थकलेली रक्कम, आणि कुंभारीकडील वाढत्या वस्तीचे पाणी. अभ्यासवर्गास जाऊन आलेल्या त्या मुलीने सूत्रसंचालन करावे. दोन्ही पाहुण्यांस घंटा वाजवून थांबविण्याचे धैर्य तिच्यात आहे, हे आम्ही तिच्या शाळेच्या दिवसांपासून जाणतो.

दोघा विश्वस्तांस आम्ही काल संध्याकाळी स्वतंत्रपणे भेटलो. एकाने विचार करतो म्हणून सांगितले. दुसऱ्यांनी, पहिले सही करतील तर आपणही करू, असे सांगितले. अर्ज आम्ही स्वच्छ अक्षरांत लिहून आणला आहे. त्यात कोणाही पुढाऱ्याचे नाव नाही, तो जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे आहे आणि प्रती दोन्ही प्रतिनिधींस जावयाच्या आहेत. तो ह्या मेजावर दौतीखाली ठेवला आहे. कलम रद्द करण्याच्या ठरावाचा मसुदाही त्याशेजारी आहे. सूचक म्हणून आमची सही झाली आहे, अनुमोदकाची जागा रिकामी आहे. ज्यांच्या घरी दहाव्यास चार माणसे होती त्यांच्या थोरल्या मुलाने ती सही करावी अशी आमची विनंती आहे, आणि निरोप धाडणाऱ्यांपैकी कोणी उठून त्याच्या हाती लेखणी द्यावी.

पंगत साडेबारास बसावयाची आहे. आता बारा वाजून पाच मिनिटे झाली आहेत. आम्ही येथेच, मेजाशी उभे आहोत.